तार आणायला पुण्याला

2016 साली मी आठ महिन्यांत दहा वेळा तार आणायला पुण्याला गेलो. अमळनेर तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं, दुकान आहे. तांब्याची तार अमळनेरात मिळते, जळगावात तर हव्या त्या गेजची मिळते. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं तिसऱ्या खेपेला विचारलंच, "पुणानी तार सोनानी शे का रे भो?" मी म्हटलं, "होलसेल पडते." तो हसला आणि काच डोळ्यांवर ओढून परत वेल्डिंगला लागला.

मी जात होतो ते पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात. एचआयव्ही असलेल्यांची प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या एका औषधाची तिथं चाचणी चालू होती आणि मी तिच्यात भाग घेतला होता. केंद्राचं आणि औषधाचं नाव सांगत नाही. माझंही नाही.

आधी आकड्याचं सांगतो, कारण सगळं आकड्यापायीच झालं.

2006 मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा मला कळलं. बायकोची तपासणी निगेटिव्ह आली, आजही निगेटिव्हच आहे. माझा सीडी4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तेव्हा 340 होता. समुपदेशक म्हणाले, "अजून वेळ आहे." म्हणजे औषध सुरू करायला वेळ आहे. सरकारी एआरटी, म्हणजे व्हायरस दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली होती, पण लक्षणं नसली तर आकडा 200 च्या खाली उतरावा लागे. ती रेषा नंतर वर सरकली, 350 झाली, 500 झाली आणि 2017 मध्ये पुसलीच गेली. आता तपासणी पॉझिटिव्ह आली की औषध सुरू. आमच्या वेळी मात्र माणूस सहा-सहा महिने आकडा पडायची वाट बघत बसायचा. पडावा असंही वाटायचं आणि पडू नये असंही.

माझा पडला. 2008 मध्ये कमरेवर नागीण उठली, आकडा 118 आला. गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षांत आकडा 205 वर आला आणि तिथंच अडकला. पुढची सहा वर्षं 190 आणि 240 यांच्या मध्ये. एकही डोस चुकवला नाही तरी. एआरटी सेंटरच्या रांगेत आम्ही एकमेकांना "कसे आहात" असं विचारत नाही, "किती?" विचारतो. कुणी म्हणे 480, कुणी 620. धरणगावकडचा एक जण होता, त्याचा 800 च्या वर गेला तेव्हा त्यानं रांगेतल्या सगळ्यांना चहा पाजला. मी चहा प्यायलो आणि माझा आकडा विचारायच्या आत खिडकीकडे सरकलो. वर्गात नापास पोरगं मार्कं लपवतं तसं.

या आकड्यापायी मी 2007 मध्ये फसलोही होतो. एका गावात एक जण पावडरीच्या पुड्या द्यायचा. "तीन महिन्यांत सीडी4 डबल" म्हणाला. सहा हजार रुपये घेतले, तीन महिन्यांनी आकडा होता त्याहून खाली. औषधांच्या नियमांत शेड्यूल जे म्हणून एक यादी आहे. तिच्यातला आजार बरा करतो असा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत पहिलंच नाव एड्सचं आहे, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी सहा हजार दिलेच असते, खोटं कशाला बोलू.

तर 2016 च्या जानेवारीत समुपदेशक ताईंनी मला बाजूला बसवलं. "भाऊ, पुण्याला एक अभ्यास आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, व्हायरस दबलेला आहे, पण सीडी4 चढत नाही अशा लोकांसाठी. एआरटी चालूच ठेवायची, तिच्या जोडीला कॅप्सूल. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही गेलात तरी इथं काही फरक पडणार नाही." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बरं चाली राह्यनं ना आपलं. मंग कशाले?" तिला काय उत्तर द्यायचं ते माझ्याजवळ नव्हतं. बरं तर चाललंच होतं. आठ वर्षांत मी एकदाही अॅडमिट झालो नव्हतो, उन्हाळ्यात दिवसाला तीन-तीन मोटारी भरत होतो. पण 214 हा आकडा रात्री उशाशी येऊन बसायचा.

जळगावहून संध्याकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की उजाडता पुणं. पहिल्या खेपेला कागद. मराठीत चौदा पानं. मराठी म्हणजे कशी, 'यादृच्छिकीकरण' हा शब्द मी तीनदा वाचला, मोठ्यानं वाचला, तरी जीभ अडखळली. पुढं 'दुहेरी अंध अभ्यास' असं होतं. मी सरळ विचारलं, "सिस्टर, डोळ्यांवर परिणाम होतो का?" त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. त्यांनी खिशातून नाणं काढलं. "छापा आला तर खरं औषध, काटा आला तर तशीच दिसणारी डमी. नाणं कॉम्प्युटर उडवणार. काय पडलं ते तुम्हाला कळणार नाही, मला नाही, मॅडमनाही नाही. म्हणून दोन्हीकडून अंध." हे वाक्य कागदावर का लिहीत नाहीत, देव जाणे.

मग मॅडम, म्हणजे चाचणीच्या डॉक्टर, आल्या. तासभर बसल्या. त्यांनी धोके सांगितले: मळमळ, पुरळ, लिव्हरवर ताण. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, तसा नियम आहे. कधीही, कारण न देता सोडता येईल. नैतिक समितीचा फोन नंबर कागदावर होता. त्या समितीत डॉक्टर नसलेला एक साधा माणूसही असतो म्हणे, हे मला फार आवडलं. चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांकही होता. 2009 पासून प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी नोंदवावीच लागते. तो क्रमांक मी नंतर मोबाइलवर टाकून बघितला. नोंद निघाली. पावडरवाल्याच्या वेळी बघायला असं काहीच नव्हतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "काही विचारायचं?"

मी विचारलं, "आकडा वाढला की आजार टळतो, बरोबर ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांना तसंच वाटत होतं." मग त्यांनी इंटरल्यूकिन-2 ची गोष्ट सांगितली. ती मी घरी येऊन वहीत लिहून ठेवली, म्हणून आकडे आहेत. हे प्रथिन आपलं शरीरच बनवतं, पेशींना वाढा म्हणून निरोप देणारं. ते इंजेक्शनानं दिलं की सीडी4 भराभर चढायचा. दिवसातून दोन इंजेक्शनं, पाच दिवस. आठ आठवड्यांनी परत पाच दिवस. ताप, अंग मोडून येणं, फ्लू झाल्यासारखं. लोकांनी ते सोसलं, कारण आकडा चढत होता. जगभरात दोन मोठे अभ्यास झाले. एस्प्रिटमध्ये 4,111 माणसं होती, सीडी4 300 किंवा जास्त असलेली. सिल्कॅटमध्ये 1,695, माझ्यासारखी, 50 ते 299 मधली. अर्ध्यांना नुसती एआरटी, अर्ध्यांना एआरटी आणि इंजेक्शनं. साधारण सात-आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2009 मध्ये निकाल आला. इंजेक्शनवाल्यांचा आकडा पहिल्या अभ्यासात सरासरी 159 नं जास्त, दुसऱ्यात 53 नं. आणि आजारपणं, मृत्यू? दोन्हीकडे सारखेच. उलट एस्प्रिटमध्ये गंभीर त्रास इंजेक्शनवाल्यांनाच जास्त झाला.

"मग त्या वाढलेल्या पेशी गेल्या कुठं?" मी विचारलं.

"कुठं गेल्या नाहीत. मोजायला होत्या."

त्या हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर दुकानातलं टेबल आलं. नवीन पोरगं कामाला ठेवलं की ते काय करतं, कॉइल भरतं, वार्निश मारतं, सप्लाय देतं, मोटर गरगर फिरते आणि ते माझ्याकडे बघतं: झाली! टेबलावर तर फिरणारच. लोड कुठं आहे? दीडशे फूट बोअरमध्ये सोडल्यावर, वर पाण्याची दांडी आल्यावर अँपिअर किती खाते आणि पाणी किती फेकते, ते खरं. मीटर 415 व्होल्ट दाखवतं म्हणून केळीला पाणी जात नाही. दर हंगामात चार शेतकरी तरी येऊन सांगतात, "मोटर फिरस भो, पन पानी फेकस नही." आणि हे मला, ज्यानं वीस वर्षं हाच धंदा केला त्याला, स्वतःच्या रक्ताबाबत एकदाही सुचलं नव्हतं.

तरीही मी सही केली. का केली? मॅडमनी इतकं स्पष्ट सांगूनही मनात होतंच की हे औषध वेगळं, ते इंजेक्शन होतं, ही कॅप्सूल आहे, आणि 300 चा आकडा एकदा तरी बघायचा आहे. लोभच. दुसरं म्हणजे त्यांनी जे वाईट होतं तेही सांगितलं होतं, आणि पावडरवाल्यानं फक्त चांगलं सांगितलं होतं. आपल्यासारख्या दुसऱ्यांना उपयोग होईल, हा विचारही होता, पण तो तिसरा. लोक तो पहिला सांगतात.

संमती ध्वनिमुद्रित झाली. टेबलावर छोटं यंत्र ठेवलं, लाल दिवा लागला आणि मला माझं नाव, वय, आणि "मला एचआयव्ही आहे, मी स्वखुशीनं भाग घेतो आहे" असं बोलायचं होतं. दहा वर्षांत हे वाक्य मी पूर्ण कधी बोललोच नव्हतो. घरात "ते", दवाखान्यात "तो रिपोर्ट". दोनदा घसा आवळला, तिसऱ्यांदा झालं. सिस्टर म्हणाल्या, काही चाचण्यांत व्हिडिओ घेतात, पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी 2015 पासून फक्त आवाज. चेहरा नको म्हणून. नियम करताना कुणीतरी आमचा विचार केला, एवढं त्यात दिसलं.

कागदाची एक प्रत मला दिली. आता ही कुठं ठेवायची? चौदा पानं आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सगळं. घरात आईचा हात सगळ्या कपाटांतून फिरतो. तिला "रक्त कमी आहे" एवढंच माहीत. शेवटी दुकानात, 22 गेजच्या रिळांमागं एका जुन्या स्टार्टरच्या डब्यात घातली.

त्या पहिल्या खेपेच्या तपासण्यांत एक गोष्ट अशी घडली की तिच्यापुढं कॅप्सूल फिकी पडावी. त्या काळी एआरटी सेंटरात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची तपासणी, सगळ्यांचा करत नसत. गोळ्या फेल झाल्याचा संशय आला तरच पाठवत. पुण्यात तो चाचणीत घेण्याआधीच्या तपासण्यांचाच भाग होता. दहा दिवसांनी फोन आला, "भाऊ, तुमचा व्हायरस मशिनमध्ये सापडलाच नाही. म्हणजे इतका कमी आहे." मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून राहिलो. दहा वर्षं ज्याला घाबरत होतो तो रक्तात मोजण्याइतकाही नव्हता, आणि मी आपला 214 कवटाळून बसलेलो. जुलैच्या खेपेला तिथल्या समुपदेशकांनी युरोपातला एक ताजा अभ्यास सांगितला: 888 जोडपी, एक जण पॉझिटिव्ह पण व्हायरस दबलेला, दुसरा निगेटिव्ह, कंडोमशिवाय सुमारे 58 हजार वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. चाचणीच्या नियमात कंडोम सक्तीचंच होतं, ते आम्ही पाळलं. पण बायकोला मी हा आकडा सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे आधी का सांगत नाहीत?"

मार्चात बाटली मिळाली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तपकिरी कॅप्सूल, वास सुंठीसारखा पण सुंठ नव्हे. एक डायरी, तिच्यात रोज खूण करायची आणि त्रास झाला तर लिहायचा. बाटली परत आणायची, उरलेल्या कॅप्सूल मोजून घेणार.

आता मी विजेचा माणूस. एखादी वस्तू हातात आली आणि ती आतून काय आहे ते मला कळू नये, हे मला सोसत नाही. पुणे स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघताना शिरपूरकडच्या एक ताई भेटल्या. त्याही त्याच चाचणीत होत्या. फलाटाच्या टोकाला बाकावर बसून आम्ही दोघांनी आपापल्या बाटल्या काढल्या. वास घेतला, सारखा. रंग सारखा. मी एक कॅप्सूल नखानं उघडून जिभेवर ठेवली: कडू. ताईंची उघडली: कडू. "दोन्ही खऱ्या असतील," त्या म्हणाल्या. "नाहीतर दोन्ही खोट्या," मी म्हटलं. घरी जाऊन मी आणखी एक पाण्यात टाकून बघितली. तळाशी करडा गाळ बसला. त्यातून काय कळणार होतं, मलाही माहीत नाही.

पुढच्या खेपेला सिस्टरनी कॅप्सूल मोजल्या. हिशेब लागेना, डायरीतल्या खुणांपेक्षा दोन कमी. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे एका फॉर्मवर लिहून घेतलं, नियमभंग, तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं: 'कुतूहल'. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला कळलं असतं ना, तर तुमचा आकडा आमच्या कामाचा राहिला नसता. खरं घेतोय असं नुसतं वाटलं तरी माणूस वेगळा खातो, वेगळा झोपतो." त्यानंतर मी कॅप्सूल फोडली नाही.

मार्च ते मे हा आमचा हंगाम. विहिरी खाली जातात, मोटारी जळतात, आणि नेमक्या तेव्हाच पुण्याच्या खेपा दाट. भाडं आणि बुडालेल्या रोजाचे पैसे मिळत, तेही समितीनं मंजूर केलेले. पण गिऱ्हाईक तुटायचं ते तुटलंच. ज्याची केळी सुकते आहे त्याला तुमच्या पुण्याच्या तारेशी काय घेणं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, घर भरलं, आमरस झाला. आणि आईनं माझ्यासाठी गुळवेलीचा काढा सुरू केला. "ले, पी टाक. आंगमा ताकद येस." अंगणातल्या कडुनिंबावर चढलेला वेल, पहाटे उठून ती कुटायची. नाही कसं म्हणणार? कागदात लिहिलं होतं, दुसरं कुठलंही वनस्पतीचं औषध घ्यायचं नाही. पण काढा म्हणजे औषध थोडंच, तो तर आईनं दिलेला, असं मी मनाशी म्हटलं.

आठव्या आठवड्याच्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, तिप्पट आलं. फोन आला, कॅप्सूल ताबडतोब थांबवा. पुढच्याच आठवड्यात जादा खेप. मॅडमनी एकेक विचारलं: दारू? नाही. तापाच्या गोळ्या? नाही. कुणाकडची पुडी? नाही. "घरचा काही काढा?" मी खाली बघितलं. त्या रागावल्या नाहीत, पण मला समजावलं ते असं: लिव्हरला त्रास कॅप्सूलनं झाला, काढ्यानं झाला की एआरटीनं, हे आता सांगता येत नाही, आणि औषध दोषी असेल तर ते तुमच्या काढ्याआड लपलं. त्या एका वाक्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कॅप्सूल फोडल्याची वाटली नव्हती. पाच वर्षांनी, कोविडनंतर, गुळवेल घेणाऱ्यांचं लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्याचं वाचलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. आईला मी तेव्हा एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी कडू बंद केलंय. ती दोन दिवस बोलली नाही. रिपोर्ट खाली आले, तीन आठवड्यांनी कॅप्सूल परत सुरू झाली.

आकडे. सुरुवातीला 228. बाराव्या आठवड्यात 251, मी परतीच्या गाडीत कंपार्टमेंटमधल्या अनोळखी पोरांना पेढे वाटले. अठराव्या आठवड्यात 176. पेढे घशात आले. आठ दिवस आधी मला ताप येऊन गेला होता, मॅडम म्हणाल्या, तापानं पडतो, धीर धरा. एकाच माणसाच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या रक्तातही फरक येतो. चोविसाव्या आठवड्यात, श्रावणातले कानबाईचे रोट होऊन पंधरा दिवस झाले असतील, 302.

तीनशे दोन! मी तो कागद हातात धरून केंद्राच्या पायऱ्यांवर बसलो. जे बघायचं होतं ते बघितलं. आणि खरं सांगायचं तर पायऱ्या उतरताना गुडघा तसाच दुखत होता, रात्री झोप तशीच मोडत होती, भूक होती तेवढीच होती. अंगाला त्या आकड्याची काही खबरच नव्हती.

कॅप्सूल थांबल्यावर महिन्यानं 266. वर्षभरानं एआरटी सेंटरात 231.

आपल्याला खरं मिळालं की डमी, हे सगळ्यांची तपासणी संपून आकडेमोड झाल्याशिवाय फोडत नाहीत. त्याला दोन वर्षं गेली. फोन आला तेव्हा 2018 चा डिसेंबर होता. टेबलावर साडेसात हॉर्सपॉवरची सबमर्सिबल होती, मालक समोर स्टुलावर. मी तोंडानं "हां, हां" करत राहिलो. मॅडम सांगत होत्या, "तुम्ही औषधाच्या गटात होता." छातीत धडधडलं. मग म्हणाल्या, "पण दोन्ही गट शेजारी ठेवून बघितले तर फरक नाही म्हणावा इतका थोडा. डमीवाल्यांचाही थोडा वाढला. हे औषध पुढं न्यायचं नाही असं ठरलं." थोडं थांबून, "तुमचे आभार मानायला फोन केला. नाही म्हणून कळलं, तेही कळायला माणसं लागतात."

"काय, पार्ट भेटना का?" मालकानं विचारलं. मी म्हटलं, "नाही. भेटला होता, पण चालत नाही."

रात्री शिरपूरच्या ताईंना फोन केला. त्या डमीवर होत्या. त्यांचा आकडा नव्वदनं वाढला होता. फोनवर आम्ही दोघं इतके हसलो की बायको बाहेर आली बघायला.

एआरटी सेंटरात आता व्हायरल लोड सगळ्यांचा होतो. ज्यांचा व्हायरस दबलेला आणि सीडी4 350 च्या वर त्यांचा सीडी4 आता मोजतही नाहीत, आमच्यासारख्यांचा मोजतात. रांगेत नवी पोरं एकमेकांना "किती?" विचारत नाहीत, "सापडला का?" विचारतात. मला अजून कुणी जुना भेटला की तो "किती" विचारतो आणि मी सांगून टाकतो.

2020 च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर दुकान उघडलं. तेव्हा गावात 'इम्युनिटी' हा शब्द दुकानदारापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. शेजारचा वेल्डिंगवाला तोंडाला गमछा गुंडाळून माझ्या काउंटरशी आला. चार वर्षांत त्यानं पुण्याच्या तारेचं परत नाव काढलं नव्हतं. त्यानं खिशातून काढ्याचं पुडकं काढून ठेवलं.

"इम्युनिटी वाढस म्हने," तो म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता, "तुले जास्ती गरज शे."

मी काही बोलायच्या आत तो त्याच्या दुकानात गेला, काच ओढली आणि ठिणग्या उडायला लागल्या. काढा मी केला नाही. पुडकं टाकूनही दिलं नाही. 22 गेजच्या रिळांमागं, त्या स्टार्टरच्या डब्यात, चौदा पानांवर ठेवून दिलं.